गाडी उजवीकडे ओढते

एवढंच ती फोनवर म्हणाली.
डेलमार ह्रुस्का म्हणाला, ये घेऊन,
ब्रेकला उगाच पाय लावू नकोस.

एकोणीस मैल. रस्ता सुतात,
दोन्हीकडे कापलेल्या मक्याची खुंटं,
नेब्रास्काचं आभाळ, टेकायला कुठे झाडसुद्धा नाही,
आणि आर्लिस, स्टिअरिंग बोटभर डावीकडे धरून,
अडून बसलेल्या कालवडीशी बोलावं तशी
अठ्ठ्याऐंशी सालच्या पिकअपशी बोलत:
चल. चल ना गं बाई.

डेलमारने आधी काहीच उघडलं नाही.
तळहात नाही, हाताची मागची बाजू नेली चाकाजवळ,
पोराच्या तापल्या कपाळाशी नेतात तशी.
डावं कोमट.
उजव्यापाशी हात न्यायची सोय नव्हती.
इस्त्री कपड्यावर विसरली की येतो, त्या जातीचा वास.
रिमवर काळी भुकटी, डावीकडच्या दुप्पट.
बाटलीतलं पाणी बोटाने शिंपडलं: चर्र.
"हं," म्हणाला.
त्याचं हं म्हणजे अर्धं निदान.

मागच्या चाकांना ठोकळे. जॅक. स्टँड.
मग दोन्ही हातांनी चाक फिरवू लागला,
जड, घरघरणारं,
पीठ न पडणारं जातं.
"पिस्टन गंजून बसला असेल," तो चाकालाच सांगत होता,
"नाहीतर कॅलिपरच्या पिना सुकल्या असतील,
नाहीतर त्या बिचाऱ्यांचा काही गुन्हाच नसेल."

छोटा पाना. ब्लीडरचा स्क्रू, पाव फेरा.
चहाच्या रंगाची एक बारीक चिळकांडी,
आणि चाक सुटलं.
"पिस्टन निर्दोष. दाब अडकून बसला होता."

स्क्रू पुन्हा बंद. "बस आत. दाब. आता सोड."
तिने सोडलं. चाकाने नाही.
या वेळी त्याने नळीच्या वरचा सांधा सैल केला,
लोखंडी पाइप जिथे रबराला भेटतो तिथे.
थेंब ओघळले. चाक ढिम्म.
"म्हणजे अडलंय ते याच्या खाली," म्हणाला,
आणि हातभर रबरी नळी काढून तिच्या हातात दिली.
अगदी धडधाकट. छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

चाकूने उभी चिरली तेव्हा दिसलं:
आतून सुजलेली, सुई जाईल एवढी वाट.
"पायाचा जोर असतो तोवर तेल घुसतं आत.
परत यायला त्याच्यामागे कोण आहे?"

नवी नळी आणायला तो गावात गेला.
तिने ग्लव्ह बॉक्स उघडला. वडिलांची वही,
पेन्सिलीने, प्रत्येक टाकीचे मैल आणि गॅलन.
गॅलनला चौदा. चौदा. तेरा.
गेल्या जूनमध्ये समासात: जरा उजवीकडे.
मग बारा.
जानेवारीत: ओढते. चालते.
(गुडघ्याबद्दल विचारलं तरी हेच म्हणायचे.)
मार्चपासून निळं पेन, तिचं अक्षर,
अकरा, अकरा,
आणि समास कोरा.

डेलमारने दोन नळ्या आणल्या होत्या.
"डावीही त्याच सालची. तिची वाट कशाला बघायची?"
मग संध्याकाळ होईपर्यंत तेच:
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
तेल आधी चहा, मग फिका चहा, मग पाणी.

शेवटी तिने चाकाला एक टपली मारली.
दोन फेरे आणि थोडं.
दोघंही ते थांबेपर्यंत बघत राहिली.
त्याने फक्त नळ्यांचे पैसे घेतले
आणि मागच्या सीटवरचा खसखशीच्या कोलाचींचा डबा.

परतीच्या रस्त्यावर, चौथ्या मैलाला,
समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं,
गाडी पिवळी रेघ ओलांडून
डावीकडे निघाली होती.
नळ्या नव्या होत्या,
तिचे हात अजून
त्या ओढीला उत्तर देत होते.